सावनेरची परसबाग : आधी पाण्याचा निचरा, मग रोपांची निवड

सावनेर, (प्रतिनिधी) : रोहिणीचा उकाडा सरून मृग नक्षत्र लागले की सावनेर व परिसरातील रोपवाटिकांमध्ये गर्दी वाढू लागते. संत्रा, लिंबू, पपई, गुलाब, मोगरा, जास्वंद अशी रोपे मोठ्या हौसेने घरी नेली जातात. पोळ्यापर्यंत ती टवटवीत दिसतात. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागतात आणि होळी येईपर्यंत अनेक खड्डे पुन्हा रिकामे झालेले असतात. ‘आमच्याकडे ऊनच फार, बाग टिकत नाही,’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर.

ऊन फार आहे हे खरेच. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. परंतु उन्हाळ्यात वाळलेल्या रोपाची मुळे पुष्कळदा श्रावणातच कुजलेली असतात. काळ्या मातीत साचलेले पाणी मुळांना हवा मिळू देत नाही. उरलेल्या थोड्या मुळांवर झाड हिवाळा कसाबसा काढते आणि मार्चच्या उन्हात त्याचा निभाव लागत नाही. म्हणून येथे परसबागेचा पहिला प्रश्न ‘कोणते रोप लावावे’ हा नसून ‘पावसाचे पाणी बागेतून कोणत्या वाटेने बाहेर जाईल’ हा आहे. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा : मे महिन्यात आपल्याकडे पाणी किती उरेल? ही दोन उत्तरे हाती असतील तर बाकीची बाग सोपी आहे. नसतील तर दरवर्षी रोपांवरचा खर्च आणि घरच्या भाजीची आशा दोन्ही वाया जातात.

संत्र्याची सुरुवातही परसबागेतच

विदर्भात घराच्या मागील मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. आडाजवळ केळी, न्हाणीच्या पाण्यावर धोपा, कुंपणाशी मुंगना, दाराशी तुळस व गोडनिंब ही तिची जुनी मांडणी. नागपुरी संत्र्याची कथाही अशाच जागेतून सुरू होते. भोसले घराण्यातील रघुजीराजांनी औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) संत्र्याची रोपे आणून आपल्या परसबागेत लावली, असे सांगितले जाते. आज काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हा पट्टा संत्र्यासाठी ओळखला जातो आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मार्गदर्शनाच्या बाबतीतही सावनेरकर सुदैवी आहेत. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे असून ते आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा भाग आहे. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच आहे. देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

आपली माती ओळखा

जुन्या काळी या जिल्ह्यातील शेतकरी जमिनीचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे प्रकार करीत. काळी ही खोल व चिकट. मोरंडीत चुन्याचे खडे मिसळलेले. खरडी उथळ, तर बरडी मुरमाड व हलकी. घर बांधताना पाया खोदून काढलेली माती, विटांचे तुकडे व सिमेंटचा राडा अंगणात पसरला जातो. त्यामुळे एकाच प्लॉटवर चार प्रकारची माती सापडू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या बागेवरून अंदाज न बांधता पुढील साधी परीक्षा करावी.

एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा खोदून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर लगेच दुसऱ्यांदा भरावा. दुसरे पाणी चार-पाच तासांत जिरले तर निचरा चांगला आहे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसत असेल तर तेथे जमिनीच्या पातळीवर गुलाब, पपई, लिंबू वा संत्रा लावू नये. अशा ठिकाणी उंच वाफे किंवा कुंड्या हाच मार्ग आहे.

काळी माती सहसा विम्लधर्मी असते. तिच्यात लोह व जस्त असूनही ते मुळांना सहज मिळत नाही. नवीन पान पिवळे आणि त्यातील शिरा मात्र हिरव्या दिसू लागल्यास लोहाची कमतरता समजावी. अशा वेळी युरिया टाकत राहण्याचा उपयोग होत नाही. शेणखत व कंपोस्ट वाढवावे आणि बागेत बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडा असल्यास तो उचलून टाकावा. शंका असल्यास साधारण वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती चार-पाच ठिकाणांहून घ्यावी, एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी. घरच्या बागेसाठीही ही चाचणी करून घेता येते, हे अनेकांना माहीत नसते.

काळ्या मातीत थोडी बारीक रेती मिसळण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. तो धोक्याचा आहे. चिकण माती व थोडी रेती यांचे मिश्रण वाळल्यावर विटेसारखे घट्ट होते. माती भुसभुशीत करण्याचे काम सेंद्रिय खतच करते. पहिल्या वर्षी दर चौरस मीटरला चार ते पाच किलो चांगले कुजलेले शेणखत आणि पुढे प्रत्येक हंगामाला त्याच्या निम्मे खत, एवढे पथ्य पाळल्यास दोन-तीन वर्षांत मातीचा पोत बदललेला दिसतो. ओले, न कुजलेले शेण मात्र टाकू नये. त्यासोबत हुमणी व वाळवी बागेत येते.

वाफे मे महिन्यातच करावेत

काळी माती ओली असताना तिला कुदळ लावता येत नाही आणि पायाने तुडवल्यास ती दगडासारखी होते. त्यामुळे वाफ्यांचे काम पाऊस पडण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस उरकावे. उन्हाने पडलेल्या भेगांत शेणखत व पालापाचोळा भरण्याची हीच वेळ आहे.

वाफा तीन ते चार फूट रुंद ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो व वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. उंची जमिनीपासून आठ ते दहा इंच असावी. दोन वाफ्यांमधील दीड फुटाची वाट हीच पावसाळ्यातील नाली असते. तिचा उतार अंगणाच्या सखल बाजूकडे द्यावा. तेथे केळी किंवा धोपा लावल्यास जादा पाणी कारणी लागते. घराच्या छताचे पाणी नळीतून थेट वाफ्यावर पडत असेल तर आधी ती नळी वळवावी.

पावसाळा : बी पेरण्याचा खरा हंगाम

नागपूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मृगाची पहिली सर पडली की पेरणीची घाई होते. नंतर आठ-दहा दिवस उघाड पडली तर उगवलेले कोंब करपतात. जमीन वीतभर ओली झाल्यावरच बी टाकावे.

भेंडी, गवार, चवळी, दोडके, कारले, काकडी, भोपळा, कोहळे, अंबाडी व माठ ही पावसाळ्याची भाजी. भेंडीच्या दोन झाडांत एक फूट व ओळींत दीड फूट अंतर ठेवावे. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्यात ती तोडणीला येते. वेलभाज्यांना तीन-तीन फुटांवर जागा द्यावी आणि त्या जमिनीवर पसरू न देता मांडवावर चढवाव्यात. ओल्या मातीला टेकलेले फळ सडते. मांडवासाठी शेतातील पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या व बांबू पुरेसे आहेत.

वालाचा वेल जुलै-ऑगस्टमध्ये लावल्यास थंडीत शेंगा देतो. हळद व आले जूनमध्ये लावून जानेवारी-फेब्रुवारीत काढता येते. या दोन्हींना सावली चालते, परंतु साचलेले पाणी अजिबात चालत नाही. मिरची व वांग्याची रोपे पाच-सहा आठवड्यांची, तर टोमॅटोची चार आठवड्यांची झाल्यावर सायंकाळच्या वेळी वाफ्यात लावावीत.

मेथी व सांबार मात्र भर पावसात जमिनीवर पेरू नये. झोडपणाऱ्या पावसाने कोवळी रोपे मातीत गाडली जातात व कुजतात. याच कारणाने पावसाळ्यात या पालेभाज्यांचे भाव कडाडतात. ज्यांना त्या हव्याच असतील त्यांनी छपराच्या पागोळीबाहेर, पण पावसाचा थेट मार न बसणाऱ्या जागी, पसरट कुंडीत थोड्या थोड्या पेराव्यात. त्यांना पर्याय म्हणून पोईचा वेल, अंबाडी व माठ यांच्यावर भर दिल्यास घरची पालेभाजी पावसाळाभर मिळते.

हिवाळा : बागेचा सुगीचा काळ

हस्ताचा पाऊस ओसरला की वाफे पुन्हा मोकळे करून त्यात खत मिसळावे. ऑक्टोबरचे ऊन कडक असते, म्हणून पहिली पेरणी हलक्या सावलीत करावी. मेथी, पालक, सांबार, मुळा, गाजर, लसूण, कांदा, वाटाणा, कोबी, फुलकोबी व टोमॅटो हे या हंगामाचे पीक.

मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात खुडता येते. पालकाला महिना-सव्वा महिना लागतो. सांबाराचे बी म्हणजेच धने हलक्या हाताने रगडून दोन भाग करून पेरावे. ते उगवायला आठ ते बारा दिवस घेते, त्यामुळे ‘बी खोटे निघाले’ म्हणून वाफा मोडण्याची घाई करू नये. सगळी पेरणी एकाच दिवशी केल्यास भाजी एकदम येते व अर्धी वाया जाते. वाफ्याचे चार भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरल्यास चार माणसांच्या घराला सलग पालेभाजी मिळत राहते.

शेवंती, झेंडू, डेलिया, पिटुनिया ही फुले याच ऋतूत खुलतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. रोगट, वाळलेल्या व आत वाढणाऱ्या फांद्या काढाव्यात. छाटलेल्या टोकांना बोर्डो मलम लावल्यास फांदी वरून वाळत जात नाही. छाटणीनंतर सुमारे दीड-दोन महिन्यांनी फुलांचा पहिला बहर येतो.

येथील थंडीही कमी लेखू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री पपई, केळी, मिरची व कोवळी रोपे करपतात. थंडीची लाट येणार असल्यास सायंकाळी हलके पाणी द्यावे आणि रोपांवर जुनी साडी किंवा पोते काठ्यांच्या आधाराने घालावे. कापड पानांना टेकू देऊ नये व सकाळी ऊन येताच काढून घ्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचाही धोका असतो. २०१४ मधील गारपिटीने विदर्भातील पिकांचे मोठे नुकसान केले होते. सावलीची जाळी तेव्हापासूनच तयार ठेवलेली बरी.

उन्हाळा : बाग लहान करा, पण जिवंत ठेवा

उन्हाळी भेंडी, गवार, काकडी, दोडके व कारले यांची पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. मार्चमध्ये पेरलेले पीक फुलावर येते तेव्हा उष्णतेने फुले गळतात. एप्रिलनंतर नवीन लागवड टाळावी. नवतपा हा झाडे लावण्याचा नव्हे, जगवण्याचा काळ आहे.

मुळांवरील मातीवर दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन घालावे. गव्हाचे किंवा सोयाबीनचे कुटार, वाळलेला पाला, उसाचे पाचट यांपैकी काहीही चालते. बुंध्याभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी. पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बांधावी. ती झाडांच्या अंगावर न टाकता सहा-सात फूट उंचीवर ताणावी, म्हणजे वारा खेळता राहतो. पश्चिमेकडील बाजू झाकणे अधिक महत्त्वाचे, कारण दुपारनंतरचे ऊन सर्वाधिक भाजते.

पाणी सकाळी आठच्या आत किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली नेते. फळझाडांजवळ मातीचे जुने मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकण ठेवल्यास ओल हळूहळू मुळांना मिळते. आठ दिवस गावाला जायचे असल्यास हा उपाय विशेष उपयोगी पडतो.

पाण्याचा हिशेब आधी मांडा

भर उन्हाळ्यात दहा चौरस मीटर भाजीपाल्याला रोज साधारण ५० ते ७० लिटर पाणी लागते. म्हणजे तीन-चार बादल्या. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात याहून मोठा उन्हाळी वाफा चालवणे कठीण आहे. म्हणून जागेच्या नव्हे, पाण्याच्या मापाने उन्हाळी बाग ठरवावी. बाकीच्या वाफ्यांना आच्छादन घालून विश्रांती द्यावी.

न्हाणीचे व भाज्या धुतलेले पाणी केळी, धोपा, मुंगना यांना देता येते. कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी मात्र बागेत सोडू नये. त्यातील क्षारांनी आधीच विम्ल असलेली काळी माती आणखी घट्ट होते. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याबाबतही हीच सावधगिरी हवी. पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार टाकीतच साचत जातात. ते पाणी कुंड्यांना सतत घातल्यास पानांच्या कडा जळतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही क्षारयुक्त असते. ते फरशी पुसायला वापरणे योग्य.

पावसाळ्यात याची भरपाई करता येते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटरच्या छतावर वर्षभरात सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. त्यातील पाऊण हिस्सा जरी गाळून विहिरीत किंवा बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडला तरी उन्हाळ्याला मोठा आधार होतो. भूजलाचा अतिउपसा झाल्यावर काय होते, हे वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्याने अनुभवले आहे. घरच्या चार वाफ्यांसाठी बोअरवेल आणखी खोल करणे हा उपाय नव्हे.

दारी संत्रा, लिंबू लावताना

संत्रा-लिंबाची कलमे नेहमी मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे हे पाच वर्षांनी, फळ धरण्याच्या वेळी कळते. अडीच फूट लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा मे महिन्यात उन्हाने तापू द्यावा. माती व शेणखत मिसळून तो जमिनीपेक्षा थोडा उंच भरावा आणि एक-दोन पाऊस झाल्यावर कलम लावावे. कलमाचा डोळा, म्हणजे जोड, जमिनीपासून किमान सहा इंच वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला की बुरशीचा शिरकाव होतो, बुंध्यातून डिंक ओघळू लागतो आणि झाड हळूहळू सुकते. यालाच डिंक्या म्हणतात.

त्यासाठी दुहेरी आळ्याची पद्धत वापरावी. बुंध्याभोवती मातीचे लहान गोल आळे करून आतील जागा कोरडी ठेवावी व पाणी बाहेरच्या मोठ्या आळ्यात द्यावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. घरच्या एक-दोन झाडांसाठी शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना व एक लिटर पाणी पुरते. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी किंवा तांब्याचे भांडे वापरू नये. मोरचूद विषारी आहे, म्हणून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

बागेचे प्रकार : जागा तशी मांडणी

जुन्या घराची सांदवाडी : उंच झाडे उत्तर व पश्चिम बाजूला, भाजीचे वाफे पूर्व-दक्षिणेला ठेवावेत. भाजीपाल्याला रोज किमान पाच-सहा तास ऊन लागते. मुंगना, गोडनिंब, लिंबू, केळी व पेरू एवढी पाच झाडे एका कुटुंबाला पुरेशी आहेत. मुंगन्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून तो छप्पर वा विजेच्या तारांजवळ लावू नये आणि शेंगांचा हंगाम संपल्यावर छाटून बुटका ठेवावा.

ले-आऊटमधील प्लॉट : घर व कुंपणाच्या भिंतीमधील तीन-चार फुटांची पट्टी एवढीच जागा येथे असते. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे भिंतीजवळ वाढू देऊ नयेत. तगर, जास्वंद, मोगरा, कुंद ही फुलझाडे व भिंतीवर चढणारी मधुमालती येथे शोभते. हिरवळीचा हव्यास टाळावा. उन्हाळ्यात ती सर्वाधिक पाणी पिते.

गच्ची : येथे पहिला विचार वजनाचा. एक घनफूट ओल्या मातीचे वजन ५० किलोच्या आसपास भरते. त्यामुळे छताच्या मध्यभागी मातीचे मोठे वाफे करू नयेत. कुंड्या भिंती व तुळयांच्या वर ठेवाव्यात. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट व एक भाग नारळाचा भुसा किंवा कुजलेला पाला असे हलके मिश्रण वापरावे. पालापाचोळ्यापासून घरच्या घरी सुपीक माती तयार करण्याचा विचार ‘प्रयोग परिवार’चे श्री. अ. दाभोळकर यांनी महाराष्ट्रभर पोहोचवला. गच्चीच्या बागेला तो फार उपयोगी आहे. कुंड्यांखाली विटा ठेवून हवा खेळती ठेवावी, म्हणजे छतात ओल उतरत नाही.

बाल्कनी व खिडकी : सकाळचे ऊन असल्यास सांबार, पुदिना, मेथी, तुळस व मिरची सहज येते. ऊन नसल्यास मनीप्लांट व स्नेक प्लांटसारखी सावलीतील झाडे लावावीत. दुपारनंतरचे ऊन येणाऱ्या बाल्कनीत उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या ठेवू नयेत. त्यांतील माती तापून मुळे भाजतात.

कीड, राख आणि डास

लिंबू व गोडनिंबाची पाने कुरतडणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही फुलपाखराची असते. घरच्या झाडावर ती हाताने वेचणे पुरेसे आहे. जास्वंदावरील पांढऱ्या पिठ्या ढेकणासाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम साधा साबण विरघळवून फवारावा व तासाभराने झाड धुवून काढावे. मावा व पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क चांगला. २५० ग्रॅम निंबोळीच्या मगजाची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळून पाणी पाच लिटर करावे व त्यात दहा ग्रॅम साबण मिसळून सायंकाळी फवारावे. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवल्यास वर्षाची सोय होते. खाण्याच्या भाजीवर रासायनिक विष मारण्याची वेळ घरच्या बागेत सहसा येऊ नये.

सावनेर तालुक्यात कोळसा खाणी आहेत आणि खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्रही आहे. त्या भागातील घरांत पानांवर धूळ व राखेचा थर बसतो. थर बसलेल्या पानाला पुरेसा प्रकाश मिळत नाही. आठवड्यातून एकदा पाने पाण्याने धुवावीत आणि पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढूनच शिजवावी. विजेच्या भट्टीची राख खत म्हणून भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

कुंडीखालची बशी, पाण्याचा ड्रम व कूलरची टाकी या डेंग्यूच्या डासांच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातील एक दिवस ठरवून ही सर्व भांडी रिकामी करावीत व घासून कोरडी करावीत. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडेपणातही बराच काळ टिकतात. कन्हेर, पिवळी कन्हेर व धोत्रा ही झाडे विषारी आहेत. लहान मुले व जनावरे असलेल्या घरात ती अंगणात न लावणेच बरे.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै : वाफ्यांच्या नाल्या मोकळ्या ठेवणे, पावसाळी भाज्यांची पेरणी, फळझाडांची लागवड, निंबोळ्या गोळा करणे.

ऑगस्ट-सप्टेंबर : तण काढणे, मांडव सावरणे, साचलेले पाणी काढणे, हिवाळी रोपांची पेरणी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : खत मिसळणे, हिवाळी लागवड, गुलाबाची छाटणी, बुंध्यांना बोर्डो मलम.

डिसेंबर-जानेवारी : थंडीपासून संरक्षण, पालेभाज्यांची टप्प्याटप्प्याने पेरणी, जानेवारीअखेर उन्हाळी भाज्यांची सुरुवात.

फेब्रुवारी-मार्च : उन्हाळी पेरणी पूर्ण करणे, आच्छादन घालणे, जाळी बांधणे.

एप्रिल-मे : फक्त जगवणे. मेअखेर वाफे, खड्डे व नाल्यांची तयारी, बुंध्यांना पुन्हा बोर्डो मलम.

यंदा ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी चार फूट रुंद व दहा फूट लांब असा एकच वाफा आणि एक लिंबाचे कलम एवढ्यावर थांबावे. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहावे आणि पाणी कुठे थांबते, कुठून वाहते हे पाहून ठेवावे. पुढच्या वर्षी दुसरा वाफा कोठे करायचा, हे त्याच दिवशी ठरवता येईल.